आमच्या घरची अठरा जून

आमच्या घरी 18 जूनला गोड करत नाहीत. कुणाचा वाढदिवस असला तरी शिरा, श्रीखंड सगळं दुसऱ्या दिवशी. ग्वाल्हेरात लश्कर भागात आमचं घर. आजोबा होते तोवर त्या संध्याकाळी ते आम्हा सगळ्या पोरांना एका टेंपोत कोंबून फुलबागेला न्यायचे. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर फुलं वाहायची, मिनिटभर गप्प उभं राहायचं, आणि मग तिथल्याच कट्ट्यावर बसून आजोबांची गोष्ट ऐकायची. जखमी राणीसाहेबांना गंगादासबाबांच्या मठात आणलं, प्राण गेला, इंग्रज यायच्या आत अग्नी द्यायचा होता आणि लाकडं नव्हती. तेव्हा आजोबांच्या पणजोबांनी आपल्या गोठ्यामागची गवताची अख्खी गंजी बैलगाडीत घालून पोचवली. "त्या गवतानं ती चिता पेटली," असं म्हणून आजोबा थांबायचे. दर वर्षी त्याच जागी थांबायचे. आणि दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

गेल्या जूनमध्ये मी इंदूरहून दहा दिवसांसाठी घरी गेले. भाची आता आठवीत जाणार. शाळा उघडायच्या आधी तिला 'माझं शहर, माझं कुटुंब' असा प्रोजेक्ट करून द्यायचा होता. विषय तिनं आधीच ठरवला होता, अर्थातच गवताची गंजी. वहीच्या पहिल्या पानावर नेटवरून काढलेला एक फोटो चिकटवलेला आणि खाली लिहिलेलं, 'राणी लक्ष्मीबाईंचा खरा फोटो, 1850'.

"कुणी काढला?" मी सहज विचारलं.

"खाली नाव लिहिलंय ना. एका इंग्रजानं."

"मूळ फोटो कुठे आहे? त्यातली बाई राणी लक्ष्मीबाईच, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं?"

तिनं अर्धा तास शोधलं. पन्नास ठिकाणी तोच फोटो, तीच ओळ, आणि एकाही ठिकाणी या दोन प्रश्नांचं उत्तर नाही. पन्नास जण सांगतायत असं वाटतं. प्रत्यक्षात एकच जण सांगतोय आणि बाकीचे एकोणपन्नास उतरवून घेतायत. तिनं फोटो काढून टाकला, पण माझ्यावर रुसली. पहिलंच पान फाटलं होतं ना!

मग ठरलं की ऊन चढायच्या आत सकाळी सहाला निघायचं, आणि गोष्ट जिथे घडली तिथे जाऊन पाहायचं. जूनमधलं ग्वाल्हेर ज्यांना माहीत आहे त्यांना 'सहाला' म्हणजे काय ते सांगायला नको. नऊला लू सुटते आणि मग माणसं दारं लावून घेतात.

बाड्यावरून पोहे-जलेबी खाऊन आम्ही फुलबागेत पोचलो. समाधी तशी साधी आहे. वर घोड्यावर बसलेल्या राणीचा पुतळा, हातात उगारलेली तलवार, मागे अखंड ज्योत. जवळच गंगादासांची बडी शाला. तिथले साधू राणीचा देह इंग्रजांच्या हाती पडू नये म्हणून लढले, त्यात 745 साधू कामी आले, असं तिथे सांगतात. त्या वेळची म्हणून शस्त्रंही जपून ठेवली आहेत. समाधीमागून स्वर्णरेखा जाते. हिला नदी म्हणायचं की नाला हा प्रत्येक ग्वाल्हेरकराचा वैयक्तिक प्रश्न आहे. राणीचा नवा घोडा ज्या ओढ्यापाशी अडला तो हाच, असंही सांगतात. भाचीनं वाकून सिमेंटच्या काठांमधलं ते पाणी बघितलं आणि म्हणाली, "आतू, इथे घोडा का अडेल?" तिला सांगावं लागलं की काठ तेव्हा असे नव्हते. जागेवर जाऊन पाहावं हे खरं, पण जागाही बदलते. ती साक्ष देते तेव्हा तिचंही वय विचारात घ्यावं लागतं.

आमच्या पिशवीत आजोबांच्या कपाटातलं 'माझा प्रवास' होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेत निघाले, ते बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार म्हणून. वाटेत बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. मराठीत, आपल्यासारख्या एका साध्या माणसानं हे लिहून ठेवलंय म्हटल्यावर भाची खूश झाली. "म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं! मग झालं, यातूनच घेऊ."

"काय काय डोळ्यांनी पाहिलेलं ते बघ."

आम्ही कट्ट्यावर बसून पानं चाळली. झाशीचा वेढा, शहरातली कत्तल, लूट, घरात लपून काढलेले दिवस हे सगळं त्यांनी भोगलेलं आहे. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटली, हेही त्यांचं स्वतःचं. पण राणी ग्वाल्हेरला पडली तेव्हा भटजी इथे नव्हते. तो भाग त्यांनी ऐकून लिहिला आहे. एकच माणूस, एकच पुस्तक, पण काही पानं साक्षीदाराची आणि काही पानं ऐकीव. आपण मात्र पुस्तकाला सरसकट 'विश्वसनीय' नाहीतर 'अविश्वसनीय' असा शिक्का मारून मोकळे होतो.

त्यात आणखी एक गंमत आहे. भटजींनी हे लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 मध्ये छापलं, पण छापताना भाषा आणि मजकूर दोन्हींवर हात फिरवला. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते जसंच्या तसं छापलं 1966 मध्ये. आजोबांच्या कपाटातली प्रत वैद्यांच्या आवृत्तीवरून काढलेली. म्हणजे लहानपणापासून मी ज्यांचे शब्द म्हणून वाचत आले, त्यांतले काही त्यांचे नव्हतेच. हे मला कळलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि पहिल्यांदा वाटलं की आपली फसवणूक झाली. आता तसं वाटत नाही. वैद्यांनी ते छापलं नसतं तर पोतदारांना शोधावंसं तरी कशाला वाटलं असतं?

तेवढ्यात भाचीला समाधीजवळच्या एका आजोबांनी सांगितलं की राणी 18 जूनला गेली. तिच्या मोबाइलवर कुठेतरी 17 जून आलं होतं. "यातलं खरं कुठलं?" हा प्रश्न घेऊन ती माझ्याकडे आली, आणि आमची सकाळ खऱ्या अर्थानं तिथे सुरू झाली.

आपल्याकडे 18 रूढ आहे. त्याच दिवशी समाधीवर गर्दी होते, बलिदान मेळा भरतो, हारतुरे येतात. इंग्रजांच्या कागदांत 17 सापडते. सरळ तर्क असा निघतो की ते शत्रू, त्यांचं कशाला ऐकायचं? मीही कितीतरी वर्षं तेच म्हणायचे. पण शत्रू खोटं बोलेल तर कशाबद्दल बोलेल, हे आधी विचारायला हवं. स्वतःच्या शौर्याबद्दल बोलेल, मेलेल्यांच्या आकड्याबद्दल बोलेल. एका दिवसानं तारीख मागेपुढे करून त्याला काय मिळणार?

त्याहून मला पटलेला पुरावा वेगळाच आहे, आणि त्यात राणीचं नावसुद्धा नाही. ब्रिगेडियर स्मिथची फौज कोटा की सराय या बाजूनं, म्हणजे ग्वाल्हेरच्या आग्नेयेकडून आली. त्यातल्या आठव्या हुसार्सच्या घोडेस्वारांनी हल्ला करून थेट फुलबागेतल्या छावणीतून घोडी घातली. या हल्ल्याबद्दल एक कॅप्टन, एक सार्जंट, एक नालबंद आणि एक साधा शिपाई अशा चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जानेवारी 1859 च्या लंडन गॅझेटमध्ये छापून आलं. तिथे हल्ल्याची तारीख आहे 17 जून 1858. तो कागद लिहिणाऱ्या कारकुनाला राणीच्या तिथीशी काही घेणंदेणं नव्हतं. तो पदकांचा हिशेब लिहीत होता. म्हणूनच त्याच्यावर माझा विश्वास बसतो. एखाद्यानं आपल्याला पटवायला म्हणून लिहिलेल्या कागदापेक्षा भलत्याच कामासाठी लिहिलेला कागद पुष्कळदा जास्त खरं बोलून जातो.

"म्हणजे 17 पक्की?" भाचीनं पेन उघडलं.

नाही. गॅझेटवरून हल्ल्याची तारीख पक्की होते. राणी त्याच हल्ल्यात पडली आणि त्याच दिवशी गेली, हे गॅझेट सांगत नाही. त्यासाठी दुसरे कागद लागतात. सर ह्यू रोज 18 ला येऊन स्मिथला मिळाला, 19 ला शहर पडलं, 20 ला किल्ला. रोजनं एका पत्रात लिहिलंय की ग्वाल्हेरच्या खडकाखाली, एका चिंचेच्या झाडाखाली राणीला मोठ्या इतमामानं अग्नी दिला आणि तिथली राख व अस्थी आपण पाहिल्या. पण राख पाहणं म्हणजे मृत्यू पाहणं नव्हे. माझं मत 17 कडे झुकतं. पण तिला मी 'बहुतेक' लिहायला सांगितलं. 'बहुतेक' लिहिलं की बाई मार्क कापतात, असं तिचं म्हणणं. ते खरंही असेल.

उन्हं वर आली होती. घरी येताना रिक्षावाल्यानं जयविलास महालावरून जाताना आपणहून माहिती दिली, की आतली झुंबरं टांगायच्या आधी छतावर हत्ती चढवले होते. भाची लगेच म्हणाली, "कुठे लिहिलंय?" रिक्षावाला दुखावला. "सब जानते हैं," म्हणाला. मी तिला कोपरानं ढोसलं. सगळीकडे विचारायचं नसतं, निदान रिक्षा चालू असताना तरी नाही.

पण ते पोरगं आता थांबणार नव्हतं. दुपारी कूलरसमोर बसून पन्ह्याचा पेला हातात घेऊन तिनं विचारलं, "आणि आपली गंजी? ती कुठे लिहिलीय?"

आमच्याकडे एक जुना कागद आहे. मोडीतला, घड्यांवर फाटत आलेला, देव्हाऱ्याखालच्या पेटीत. आजोबा तो कधीतरी काढून दाखवायचे, वाचता त्यांनाही येत नसे. दोन वर्षांपूर्वी मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या काकांकडून मी तो वाचून घेतला होता आणि घरी कुणालाही काही न बोलता परत ठेवून दिला होता. आता सांगावं लागलं. तो नोकरीचा कागद आहे, संवत 1931 चा. म्हणजे इसवी सन 1874-75, जयविलास उभा राहिला तो काळ. आजोबांचे आजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, वाई प्रांतातून नवीन आलेत, त्यांना कोठीच्या हिशेबावर नेमलंय आणि दरमहा इतकं वेतन द्यावं, एवढाच मजकूर. ते इथे आले तेच 1858 नंतर सोळा वर्षांनी. मग गंजी देणारे त्यांचे वडील इथे कुठून असणार? गोठा कुठला आणि गवत कुठलं?

"म्हणजे पणजोबा खोटं बोलायचे?"

हा प्रश्न मी दोन वर्षं स्वतःला विचारत होते, म्हणूनच तो कागद गुपचूप परत ठेवला होता. आजोबा खोटं बोलणारे नव्हते. रेल्वेच्या तिकिटावर मुलाचं वय एका महिन्यानं कमी सांगायलासुद्धा तयार नसत. मग ही गोष्ट आली कुठून? त्यांच्या कपाटात वृंदावनलाल वर्मांची 'झाँसी की रानी' आहे. कादंबरी 1946 ची, आतल्या पानावर आजोबांच्या अक्षरात 1952. गंगादासबाबांच्या कुटीचा प्रसंग त्यात आहे. आजोबांची गोष्ट आणि तो प्रसंग सख्खी भावंडं वाटावीत इतके सारखे, फक्त आमची गंजी तेवढी जास्तीची.

आणि मला वाटतं, दुसरंही एक कारण असावं. आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक बहुतेक शिंद्यांच्या चाकरीतले. 1 जून 1858 ला जयाजीरावांची फौज तात्या टोप्यांना आणि रावसाहेबांना जाऊन मिळाली, पण खुद्द जयाजीराव आग्र्याला इंग्रजांकडे गेले आणि इंग्रजांबरोबरच परतले. संस्थानं गेल्यावर, शाळाशाळांतून राणीचं नाव दुमदुमायला लागल्यावर, कोठीवर पिढ्यान्‌पिढ्या हिशेब लिहिलेल्या घराला आपणही तिच्याच बाजूला होतो असं वाटावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. पुरावा नाही माझ्याकडे याचा. पण गोष्ट कुणी सांगितली याइतकंच ती कधीपासून सांगायला लागले हे विचारावं, असं मला वाटतं.

हे सगळं आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. कारण आत माझी आत्या पडली होती. ऐंशीची आहे, कान तिखट आहेत. ती उठून बाहेर आली, आणि मला वाटलं आता ओरडणार. अण्णांबद्दल, म्हणजे आजोबांबद्दल, ती एक शब्द ऐकून घेत नाही.

"गंजीबिंजी काही नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मला माहितीय. ती गोष्ट मुळात अण्णांच्या घराण्याची नाहीच. ती माझ्या आजीची. अण्णांच्या आईची."

आत्याची आजी लश्करातच जन्मलेली, माहेर सासर दोन्ही इथलं. तिला तिच्या आजीनं सांगितलेलं. बंडाच्या वेळी ती आजी पंधरा-सोळा वर्षांची, नवीन लग्न झालेली. "कसली चिता आणि कसलं काय! घाबरून दारं लावून बसले होते सगळे. बाहेर घोडे पळायचे, कुणाचे ते कळायचं नाही. तीन दिवस चूल पेटवली नाही, धूर दिसेल म्हणून. भिजवलेली डाळ आणि गूळ खाऊन राहिले. रात्री दिवा नाही. एक पोर सारखं रडत होतं, त्याच्या तोंडात गुळाची चिंधी कोंबून ठेवली होती. राणी गेली हे त्यांना कितीतरी दिवसांनी कळलं, पाणी भरायला गेल्यावर."

मी विचारलं, "मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अण्णांना त्यांची गोष्ट आवडायची. आणि लपून बसलो होतो हे काय समाधीवर बसून सांगायचं?"

महाश्वेता देवींनी राणीचं चरित्र 1956 मध्ये लिहिलं, तेव्हा त्या झाशी-ग्वाल्हेर भागात फिरून लोकांच्या तोंडच्या गोष्टी आणि गाणी गोळा करत होत्या. कागदाला जी किंमत तीच तोंडी आठवणीला द्यावी का, यावर पुष्कळ वाद आहेत. त्या दुपारी मला मात्र दोन्ही तोंडी आठवणींमधला फरक स्वच्छ दिसत होता. गंजीच्या गोष्टीत आमचं घर मोठं होतं. चुलीच्या गोष्टीत आमचं घर फक्त घाबरतं. मिरवायला काही नसलेली गोष्ट कुणी मुद्दाम बनवून नातीला का सांगेल?

अर्थात हेही तपासायला हवं. भाचीनं तपासलंच. वही मांडीवर घेऊन ती आत्यासमोर बसली.

"आत्याआजी, ते तीन दिवस कुठले? तारीख?"

"बाई गं, तारीख कोण सांगणार? त्यांच्यात तारखा कुणाला येत होत्या?"

"मग हे तेव्हाचंच कशावरून? नंतरचं कधीचं असेल तर?"

आत्या विचारात पडली. तिच्या नजरेसमोर बहुधा तिची आजी होती, स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगणारी. मग म्हणाली, "चूल अंगणात होती. आजी नेहमी म्हणायची, की अंगणातली चूल तीन दिवस थंड. आमच्याकडे चूल उन्हाळ्यातच अंगणात असायची. पहिला पाऊस पडला की आत यायची. म्हणजे पाऊस पडायचा होता बघ."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. दोघींनाही तो पदकांचा हिशेब लिहिणारा कारकून आठवला असावा.

संध्याकाळी वडील बाजारातून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मोडी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मग आता गोड 17 ला बंद ठेवायचं की 18 ला?" एवढंच विचारलं. आई म्हणाली, दोन्ही दिवस बंद ठेवू, नाहीतरी तुमची शुगर वाढलीय.

18 ला आम्ही सगळे फुलबागेत गेलो. आत्याही आली, बऱ्याच वर्षांनी. गर्दी खूप होती, भाषणं चालू होती, कट्ट्यावर बसायला जागा मिळाली नाही. आम्ही बाहेरच्या भिंतीशी उभे राहिलो. भाचीनं हळूच विचारलं, "गोष्ट कोण सांगणार?" आणि आत्यानं पदर सावरून, लाउडस्पीकरच्या आवाजात ऐकू येईल इतकं जवळ घेऊन, तिला डाळ आणि गुळाचं सांगायला सुरुवात केली.